बुधवारचं पानी

बाज्यासंगं पैज लावायची नसती, ह्ये आख्ख्या गावाला म्हाईत हाय. मला बी म्हाईत हुतं. तरी मी लावली.

पैज साधी हुती. आमच्या गावात एक गोरा साहेब ऱ्हायला आल्ता. दर बुधवारी त्यो गावातल्या हिरींचं पानी मोजायचा. एक लांब फीत, तिच्या टोकाला पितळंची बारकी वाटी, पालथी. फीत हिरीत सोडायची. वाटी पान्याला टेकली की आवाज व्हायचा, टुक. साहेब डोळं मिटून ऐकायचा. टुक झालं की फीत धरायचा आन आकडा वहीत लिवायचा.

बाज्या म्हनला, "सुद्या, तू तुमच्या हिरीत लपून तोंडानं टुक केलंस आन साहेबाला कळलं न्हाई, तर माझी गोफन तुझी."

मी म्हनलं, "आन कळलं तर?"

"तर तू मेलास. मला काय त्याचं."

आमच्या हिरीत बुडापासनं परसभर वर, म्हंजे मानूसभर उंचीवर, एक कोनाडा हाय. आबानं, माझ्या बापानं, इंजिन बसवायला खोदला. कोनाडा झाला, इंजिन काय आलं न्हाई. त्या दिवशी इंजिनाच्या जागी मी बसलो. वाटी माझ्या नाकासमोर आली तसा मी जिभंनं आवाज काढला, टुक. वर साहेब म्हनला, "छान."

गोफन माझी झाली. नववीत दोनदा बसलो पन तितं कुनी मला 'छान' म्हनलं नव्हतं.

साहेबाचे असले किस्से गावात एवढे साठलेत, की न्हाव्याकडं बसलं तर एका गालाचा किस्सा संपंस्तवर दुसऱ्या गालाचा साबन वाळून जातो. सगळे सांगत न्हाई. माझ्या वाट्याचे सांगतो.

*

साहेब हालंडचा. नाव यान का कायतरी, गावानं जानराव करून टाकला. पुन्यात कुन्या गुरुजीकडं मराठी शिकून आल्ता, त्यामुळं त्यो बोलायला लागला की वाटायचं पुस्तकच बोलतंय.

पयल्या दिवशी आबानं त्याला पारावर बसवून इचारलं, "तुमच्यात पाऊसपानी कसं काय?"

साहेब म्हनला, "आमच्या देशात पाणी फार आहे. समुद्र आमच्या जमिनीपेक्षा उंच आहे. आम्ही अखंड पाणी उपसून बाहेर टाकतो."

आबानं पानाची चंची काढली. मंग म्हनलं, "पानी फेकून देता?"

"होय."

"आन हितं कशाला आलात?"

"पाणी नसले की जमिनीचे आणि माणसांचे काय होते, ते मला शिकायचे आहे."

आबानं पानाला चुना लावला. "बसा मंग. आमी शिकवतो."

त्या साली पारनेरकडं पाऊस झालाच न्हाई. साहेबाची शाळा जोरात चालली.

*

साहेबाला गावात काय आवडलं म्हनाल, तर च्या. पयल्यांदा आमच्या घरी त्यो च्या प्याला तवा एवढा गुमान प्याला, की आई आतनं आबाला म्हनली, "साहेबाला च्या आवडला न्हाई वाटतं. आवाज बी आला न्हाई."

आबानं त्याला सरळ सांगितलं. साहेब थक्क. म्हनला, "माझ्या घरी चहा पिताना आवाज केला, तर आई चापट मारते."

"हितं न्हाई केला तर मारंल."

दुसऱ्या दिवशी साहेबानं बशी तोंडाला लावली आन असा भुरका मारला, की गोठ्यातला बैल उठून हुबा ऱ्हायला. तवापास्नं त्यो दारोदार च्या पीत हिंडायचा. कुनी इचारलं, "साहेब, गाव सोडून परदेशात करमतं का?" तर म्हनायचा, "मी तीस वर्षांचा आहे आणि आत्ता कुठे मनसोक्त चहा पिऊ लागलो आहे."

ठेचा खाऊन त्यो रडायचा. रडत रडत "अजून थोडा" म्हनायचा. आई म्हनायची, "ह्याला आई हाय का न्हाई तिकडं?"

*

हिरीसंगं त्यानं पाऊस मोजायचं एक तांब्याचं भांडं बी मारुतीच्या मागं मांडलं हुतं. चारी बाजूंनी तारंचं कुंपन. पाऊस तर नव्हताच, तवा भांडं कोरडं ठनठनीत. पन सोमवार आला की भांड्यात चार बोटं पानी.

साहेब येडा व्हायचा बाकी. आभाळात ढग न्हाई, शेजारची जमीन कोरडी, आन भांड्यात पानी, ते बी सोमवारीच. चार सोमवार त्यानं आभाळाकडं बघितलं. पाचव्या सोमवारी भल्या पाटं कुंपनाजवळ दडून बसला. तर बायजा म्हातारी आली. कुंपनाची तार वाकवली, भांड्याला हळदकुकू लावलं, तांब्याभर पानी वतलं, आन हात जोडलं.

साहेब हुबा राहून म्हनला, "आजी, हे आपण काय करीत आहात?"

म्हातारी काय भ्याली न्हाई. "बाबा, देवामागं रिकामं भांडं ठिवू ने. तू नवा हायेस, तुला म्हाईत न्हाई. म्हनून दर आठ दिसांनी मीच भरते. दोन मैलावनं आनते, पर भरते."

साहेबानं बी हात जोडलं. घरी जाऊन वहीत पावसाच्या रकान्याशेजारी नवा रकाना आखला: 'आजींचे पाणी.' आन मला म्हनला, "सुदाम, विज्ञानात फसवणूक लपत नाही. आज ना उद्या सापडतेच."

मी म्हनलं, "व्हय साहेब." तवा माझं नववं का धाववं टुक झालं हुतं.

*

आता तुमी म्हनाल, गोफन मिळाली, मंग पुन्हा हिरीत कशाला जायाचं? त्याला कारन दादा.

दादा माझा थोरला भाऊ, नामदेव. चोवीस वर्सांचा, बोलायला कमी, दुष्काळी कामावर खडी फोडायचा. सोयरिकी यायच्या. पाहुनं गूळपानी घ्यायचं आन पयला सवाल, "हिरीला पानी किती?" आबा हिरीकडं बघायचं, पाहुनं आबाकडं बघायचं, आन पुढच्या आठवड्यात निरोप यायचा, की पोरगी अजून ल्हान हाय. तीन पोरी अशा ल्हान निघाल्या.

मंग कुनीतरी श्रीगोंद्याकडच्या पाहुन्याला सांगितलं, की तितं एक गोरा साहेब हाय, त्याच्या वहीत समद्या हिरी हायेत, त्यो कुनाचा सोयरा न्हाई, खोटं लिवत न्हाई. झालं. पोरींचं बाप साहेबाच्या दारात बसाय लागलं. त्यांना पोरगं बघायचं नसायचं, वही बघायची असायची.

साहेब पयल्यांदा गोंधळला. मंग गोडी लागली. त्यानं वहीत हिरीच्या नंबरापुढं एक रकाना काढला, 'अविवाहित मुलगे'. कुनाच्या हिरीला दोन हात पानी आन चार पोरं असली की म्हनायचा, "ह्या घराची परिस्थिती चिंताजनक आहे."

समद्या हिरी खाली खाली चालल्या हुत्या. आमची तेवढी परसभर पान्यावर थांबलेली. एक बोट कमी न्हाई, एक बोट जास्त न्हाई, कारन कोनाडा कुठं हालतोय? खरं तर बुडाला निस्ता चिखुल ऱ्हायला हुता. आई पाटलाच्या हिरीवरनं दोन हंडं आनायची, पन ते वहीत नव्हतं.

आबाला म्हाईत हुतं हिरीत काय हाय. पन आबा खोटं बोलत न्हाई. श्रीगोंद्याच्या पाहुन्यानं इचारलं तवा आबा म्हनलं, "मी कशाला सांगू? माझी हीर, मी चांगलंच सांगनार. साहेबाला इचारा."

साहेब म्हनला, "संपूर्ण तालुक्यात अशी विहीर नाही."

पाहुनं खुश. दादाचं जमत आलं. दादा त्या दिवशी जेवताना एकटाच हासला, मी बघितलं. आता मला सांगा, कुठल्या बुधवारी मी टुक करायचं बंद करनार हुतो?

*

एका बुधवारी लई वंगाळ झालं. टुक केलं, साहेबानं लिवलं, पन साहेब जाईचना. हिरीच्या काठावरच बसला, भाकरी सोडली, आन मी खाली कोनाड्यात. पाय वर घिऊन बसलो तर मुंग्या, खाली सोडलं तर दिसतील. ऊन डोक्यावर आलं. साहेबाचं भुरकं वरनं ऐकू येत हुतं, थर्मासातनं च्या पीत हुता.

मंग त्यो मोठ्यानं वाचाय लागला. मराठी पक्की व्हावी म्हनून त्यो आईला लिवायचं पत्र आदी मराठीत म्हनून बघायचा, ही त्याची सवय हुती. हिरीत तोंड घालून म्हनायचा, आवाज घुमतो म्हनून.

"प्रिय आई. येथे मी सुखी आहे. येथे रोज सूर्य दिसतो. मी अंगणात खाटेवर झोपतो आणि झाडाखाली दाढी करवून घेतो. न्हावी माझे कान ओढतो, ते मला आवडते. कोणाच्याही घरी न सांगता गेले, तरी भाकरी मिळते. त्यांच्याकडे कमी आहे, तरी मिळते."

जरा थांबला. मला वाटलं, गेला. तर न्हाई.

"माझ्या कामाची एक आनंदाची गोष्ट. बाकी सर्व विहिरी मला दुःख देतात. परंतु माझी एक विहीर आहे. तिचे पाणी हलत नाही. ते का हलत नाही, ह्यावर मी चाळीस पाने लिहिली आहेत. ती पाने मी आमच्या विद्यापीठाला पाठवणार आहे. आई, ती विहीर मला दर बुधवारी उत्तर देते."

मी कोनाड्यात बसून मुंग्या झाडत हुतो. एकदा वाटलं, आत्ताच सांगावं. पन हिरीनं एकदम बोलायला लागनं बरं दिसलं नसतं.

वर आल्यावर बाज्याला सांगितलं. बाज्या म्हनला, "चाळीस पानं? तुझ्यावर? मास्तरनं तुझ्यावर कधी चाळीस वळी लिवल्या न्हाईत."

मी म्हनलं, "बाज्या, तू गोफन परत घे. पैज मोड."

"जिकलेली पैज मोडत न्हाई," बाज्या म्हनला. "हारलेली मोडती."

*

माघात श्रीगोंद्याचं पाहुनं सुपारी फोडायच्या आदी एकदा म्हनून आलं. बुधवारीच आलं, मुद्दाम. मी आदीच कोनाड्यात. काठावर समदी गोळा झाली: आबा, दादा, साहेब, बाज्या, आन पाहुनं. मला वरचं समदं ऐकू येत हुतं, डोस्की तेवढी दिसत हुती.

पाहुनं म्हनलं, "साहेब, वही बघितली. आता कानानं ऐकायचंय. आमची पोर पाटाच्या पान्यावर वाढलीया. हांडा डोक्यावर घिऊन ती कंदी शिवाराभायेर गेली न्हाई. मी ह्यांच्या शब्दावर पोर देत न्हाई, तुमच्या वहीवर देतोय."

साहेब म्हनला, "ही विहीर माझ्याशी कधी खोटे बोललेली नाही."

आबाचं डोस्कं काठावरनं मागं सरलं. दादाचं बी.

फीत खाली आली. पितळंची वाटी फिरत फिरत माझ्या नाकासमोर आली. मी जीभ टाळूला लावली. आन ती तितंच चिकाटली. आता भेव म्हना, तहान म्हना, कायबी म्हना, टुक झालंच न्हाई. वाटी माझ्या डोळ्यांदेखत खाली गेली. गुडघ्याखाली गेली. बुडाला गेली.

ठक.

चिखुल बी वाळला हुता. दगड वाजला.

साहेबानं फीत वर घेतली, पुन्हा सोडली. ठक.

पाहुनं आबाला म्हनलं, "पानी कुठंय?"

आबाला जलमात पयल्यांदा खोटं बोलायची येळ आल्ती, आन त्यांना ते येत नव्हतं. नुसतंच "त्ये... आसं..." करत बसलं. मला ते ऐकवंना.

मी कोनाड्यातनं डोकं भायेर काढलं आन म्हनलं, "ते पानी मीच हुतो."

वरची समदी डोस्की एकदम काठावर आली. बाज्याचं तेवढं गायब झालं.

पाहुन्यानं माझ्याकडं बघितलं. मंग मागं वळून म्हनलं, "आन नवरदेव? त्यो तरी खरा हाय का?"

दादा म्हनला, "मी खरा हाय. हीर कोरडी हाय. आनखी दोन परस खनीन, पन आज कोरडी हाय." एवढं लांब दादा कंदी बोलला नव्हता.

पाहुनं हासलं न्हाईत. पन उठलं बी न्हाईत. फेटा काढून हिरीच्या काठावर ठिवला आन आबाला म्हनलं, "च्यापुरतं तरी पानी हाय का घरात?"

साहेब काठावर खाली बसला. तोंड पांढरं फटक. मला वाटलं, आता वही फेकून मारनार. त्यानं वही उघडली, पेन्शील काढली, आन हिरीत वाकून, पुस्तकात बोलत्यात तसंच, इचारलं, "सुदाम. कोणत्या बुधवारपासून?"

मी म्हनलं, "दसऱ्यानंतरच्या पयल्या बुधवारपासनं."

"सर्व?"

"समदे. एक सोडून. दिवाळीनंतर एकदा मला ताप आल्ता, त्या बुधवारी मी न्हवतो. त्या दिवशीचा आकडा खरा हाय."

साहेब पानं उलटाय लागला. एका पानावर थांबला. बोट ठिवून त्यानं ते दोनदा वाचलं, मंग आमाला वाचून दाखवलं.

"त्या दिवशी मी येथे असे लिहिले आहे. 'आज मोजण्यात माझी चूक झाली.'"