सासऱ्यांनी शोधलेली गळती

आखातात, करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन फ्रीज होते. एकात भाजी-दूध, दुसऱ्यात माझी बिअर. ऑफिसातला एक इंग्रज इंजिनिअर नोकरी सोडून मायदेशी जाताना स्टीलचा केग म्हणजे बिअरचं बंद पिंप, गॅसचा छोटा सिलिंडर आणि बिअरची कृती मला देऊन गेला होता. आम्ही राहायचो तिथे घरी दारू करणं गुन्हा होता. पकडलो गेलो तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. तरीही मी केली. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींचे नकाशे तपासायचो. स्वतःच्या हाताने काहीतरी करून बघावंसं वाटायचं, एवढंच सांगता येतं.

बिअर चांगली कडक झाली, पण चव गार काढ्यासारखी सपाट. तिच्यात गॅस मुरवायचा होता. केग थंड ठेवायचा, सिलिंडर जोडायचा आणि दहा दिवस हात लावायचा नाही. नेमकं हेच मला जमेना. ऑफिसातून आलो की बूट न काढताच फ्रीज उघडायचो. दाब वाढवायचो, केग हलवायचो, घोटभर चाखायचो, पुन्हा दाब कमी करायचो. बाहेर लिफ्टचं दार वाजलं तरी दचकायचो.

त्यातच पुण्याहून सासरे आले. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सुपारीचंही व्यसन नाही.

"दुसरा फ्रीज बंद पडलाय असं सांगितलंय मी बाबांना," बायको म्हणाली. "तू तिकडे फिरकू नकोस."

शुक्रवारी सकाळी मी भाजी घेऊन आलो, तर सासरे त्याच फ्रीजसमोर स्टुलावर बसलेले. हातात साबणाच्या पाण्याची वाटी. मी भाजीची पिशवी दारातच ठेवली.

"बंद पडलेला फ्रीज फुसफुसत होता," ते म्हणाले. त्यांनी नळीच्या जोडावर बोटाने फेस लावला. एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. "गॅस इथून जातोय. आणि दार सारखं उघडत असणार तुम्ही. द्रव थंड असेल तरच वायू विरघळतो."

"बाबा, मी सांगणारच होतो..."

"नसतं सांगितलंत. पाना आणा."

मी पाना फिरवत होतो तेव्हा त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "उद्या तुम्हाला धरून नेलं, तर माझी मुलगी इथे कोणाच्या दारात जाईल?"

मी पाना आणखी घट्ट आवळला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढचे दहा दिवस मात्र मी फ्रीजकडे वळलो की ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "आज नाही."

अकराव्या दिवशी ग्लास भरला. बारीक, दाट बुडबुडे तळापासून वर येत होते. सासऱ्यांनी ग्लास उजेडात धरून पाहिला, वास घेतला आणि न पिता परत दिला. "जमलंय," ते म्हणाले.

खरंच जमली होती. दोन घोट घेतले आणि सासऱ्यांचा तो प्रश्न आठवून मला बसवेना. उठलो, खिडकीतून खाली पाहिलं, परत बसलो, परत उठलो. शेवटी केग उचलून बाथरूममध्ये नेला आणि ओतायला लागलो. फेस इतका वर आला, की बायको बादलीभर पाणी घेऊन आली.