आवाज इकडे, तोंड तिकडे

आमच्या धंद्यात आवाज आधी येतो आणि तोंड नंतर. लोकांना वाटतं, कार्टून आधी काढतात आणि मग त्यात कोणीतरी बोलतं. कुठलं काय! आधी माणसं काचेच्या खोलीत उभी राहून बोलतात, ते रेकॉर्ड होतं आणि मग त्या बोलण्याबरहुकूम आम्ही चित्राचे ओठ हलवतो. मी ओठ हलवणारी. मस्कतमध्ये अल् खुवैरला एका इमारतीत आमचा छोटासा स्टुडिओ होता. त्या वर्षी आम्हाला रमजानची मालिका मिळाली होती. इफ्तारनंतर अख्खं घर टीव्हीपुढे बसतं, त्यामुळे तसलं काम मिळणं म्हणजे लॉटरीच. रोज थोडा वेळ चालणारं विनोदी कार्टून होतं ते, एक खोडकर मुलगी, तिचं घर आणि तिची गल्ली.

त्या मुलीचा आवाज आमच्याच ऑफिसातल्या एका बाईचा होता. ती क्लायंटचे फोन आणि कामाचं वेळापत्रक सांभाळायची. ती ओमानी, पण तिचे आजोबा आफ्रिकेत झांजिबारला गेलेले, आणि तिचे वडील तरुणपणी तिकडून परत आलेले. घरात स्वाहिली, बाहेर अरबी आणि माझ्याशी इंग्रजीत मिसळलेली, सिनेमे बघून उचललेली हिंदी. मला ती दीदी म्हणायची. मी तिला उख्ती म्हणायचे, अरबीत बहिणीला म्हणतात तसं. वर्णाने ती काळी होती. सावळी, गव्हाळ, निमगोरी या आपल्या पळवाटा असतात ना, त्यातली एकही तिला लागू नव्हती.

आणि आवाज! चाळिशीला आलेली बाई, पण माइकपुढे उभी राहिली की दहा वर्षांची कार्टी बोलायची. हसण्याआधी खालचा ओठ दातांखाली धरायची आणि डावी भुवई वर जायची, जणू आता काहीतरी चावट बोलणार. काचेबाहेर बसून मी हसून हसून बेजार व्हायचे.

तिची सहा वर्षांची मुलगी शाळा सुटली की ऑफिसात येऊन बसायची. मला खाला म्हणायची, म्हणजे मावशी. आमच्या मुरुडला शेजारची मुसलमान पोरं माझ्या आईला खालाच म्हणायची, त्यामुळे ती हाक मला चटकन घरची वाटली. तिलाही आईसारखीच हसण्याआधी ओठ दाबायची सवय होती. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ती चित्रं काढत बसायची. मुलींचीच चित्रं, आणि प्रत्येकीचं तोंड त्या फिक्या गुलाबी खडूने रंगवलेलं. आपण लहानपणापासून ज्याला स्किन कलर म्हणतो ना, तोच मेला खडू. कोणाची स्किन, ते विचारायचं नाही.

एकदा तिने स्वतःचं चित्र काढलं आणि तेही त्याच खडूने रंगवलं. मी म्हटलं, "अगं, तू अशी कुठे आहेस? तू तर चॉकलेटी, गोड." ती मान वर न करताच म्हणाली, "खाला, टीव्हीत चॉकलेटी मुली नसतात. असल्या तर घरात काम करतात."

तिची आई मागेच उभी होती. मी कपात चहा ओतत होते तेव्हा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दीदी, एकदाच. एकदाच तिला टीव्हीत तिच्यासारखी मुलगी दिसू दे. नोकराणी नाही, हिरॉइन. मग मला काही नको." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, उगाच खोटं कशाला बोलू.

कारण मला ते कळत होतं. आमच्या मुरुडच्या भागाला जुनी माणसं अजूनही हबसाण म्हणतात. आफ्रिकेतून आलेल्या हबश्यांचं राज्य होतं तिथे, समुद्रातला किल्ला अजून उभा आहे. तरी आमच्याकडे एखाद्या पोराला हबशी म्हटलं की ती शिवी असते. माझ्या लग्नाच्या वेळी दर घरातून एकच उत्तर यायचं, "पोरगी गुणाची आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढे कोणी जायचं नाही, जायची गरजच नव्हती. विठोबा काळा चालतो आपल्याला, सून नाही चालत. कृष्ण तर नावानेच काळा, पण कॅलेंडरवर त्याला निळा करून टाकतात, आणि शेजारच्या पानावरचा राक्षस मात्र कोळशासारखा. हे बघत बघतच मी चित्रं काढायला शिकले.

तर मी ती मुलगी काढली. मन लावून काढली. रंग तिच्या आईचा, केसांच्या घट्ट वेण्या, दाबलेला ओठ, वर गेलेली डावी भुवई, सगळं. आमचा डायरेक्टर आपलाच, मुंबईचा, माझ्याशी मराठीत बोलायचा. त्याने बघितलं आणि म्हणाला, "झकास! लाव सांधे." सांधे लावायचे म्हणजे त्या चित्राची कॉम्प्युटरात बाहुली करायची. हात, पाय, मान, ओठ, भुवया, सगळे हलते जोडायचे. एकदा ती तयार झाली की तिच्याकडून काहीही करून घेता येतं. फार किचकट काम असतं ते, आठवडे जातात.

बाहुली पहिल्यांदा हसली त्या दुपारी मी मुलीला मांडीवर घेऊन दाखवली. तिने स्क्रीनवर बोट टेकवलं, बाहुलीच्या ओठावर. "ही मी?" मी म्हटलं, "ही तुझी मम्मा, लहानपणची. आणि तूसुद्धा." दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं, मी टीव्हीत येणार म्हणून. घरी तिने तो गुलाबी खडू कचऱ्यात टाकला, असं तिची आई मला हसत हसत सांगत होती. मी इतकी खूश होते की त्या संध्याकाळी रुवीच्या बाजारात जाऊन जिलबी घेऊन आले.

मग डायरेक्टर म्हणाला, "जरा उजळ कर गं. स्क्रीनवर डार्क दिसते."

जरा उजळ केली. पुन्हा म्हणाला, "अजून जरा." मी विचारलं, "क्लायंट म्हणाला का?" तर म्हणे, "म्हणेल ना. तो म्हणायच्या आधी आपण केलेलं बरं." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "साहेब, जरा खाली उतरून बघा. या देशात ही माणसं बँकेत आहेत, शाळेत आहेत, मंत्रालयात आहेत. तुम्हाला ती स्क्रीनवरच कशी हो डार्क दिसतात?" तो हसला. "अगं, आपण कॉमेडी करतोय, समाजसेवा नाही." भांडले, वाट्टेल ते बोलले, तोंडाला फेस आला. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या एका आर्टिस्टकडून त्याने नवी मुलगी करून घेतली. गोरीपान, घारे डोळे, बारीक जिवणी. ओठ हलवायचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं.

मी उख्तीला सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मला वाटलंच होतं, दीदी. आवाज तरी माझाच आहे ना? आवाजाला रंग नसतो." मुलीला मीच सांगेन, तू काही बोलू नकोस, असंही म्हणाली. पण तिच्याने ते सांगवलं नाही. रोज उद्यावर ढकलत राहिली.

सगळ्यात चीड येणारी गोष्ट तर पुढेच झाली. मुलीचे सुरुवातीचे काही प्रसंग तयार झाल्यावर वाहिनीचा माणूस, म्हणजे आमचा क्लायंट, बघायला आला. पांढरी, पायघोळ दिश्दाशा घातलेला, वयस्क, मृदू बोलणारा ओमानी गृहस्थ. माझ्या टेबलामागे भिंतीवर पहिल्या मुलीचं चित्र अजून चिकटवलेलं होतं. त्याच्यापुढे तो थांबला आणि म्हणाला, "ही कोण? किती गोड आहे! हिला का नाही घेतलं?" डायरेक्टर काय म्हणाला असेल? म्हणाला, "ती नंतर येणार आहे, छोट्या रोलमध्ये." मला वाटलं, वेळ मारून नेतोय. म्हणजे मुलगी गोरी करा असं कोणी सांगितलंच नव्हतं. ज्याच्या भीतीने एका पोरीचं तोंड पुसलं, त्या माणसाच्या मनातही तसलं काही नव्हतं. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, रागाने.

नंतर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी गावी गेले. परत आले तोवर रमजान सुरू झाला होता. ऐन उन्हाळ्यातला रमजान, दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मालिका मी आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होती. उख्तीने पहिल्याच भागाला मला घरी इफ्तारला बोलावलं. "मुलीला अजून सांगितलं नाही," ती फोनवर म्हणाली. "तू असलीस तर मला बरं वाटेल."

अल हैलला त्यांचं घर. खजूर, ताक, सांबुसे, नारळाच्या दुधातल्या तिच्या हातच्या गोडसर पुऱ्या. नमाज झाली, सगळे दिवाणखान्यात जमले. तिचा नवरा, तिची आई आणि पुढे गालिच्यावर नवा फ्रॉक घातलेली पोर. शेजारच्या दोन मैत्रिणींनाही ती घेऊन आली होती. बोलावणारच की, टीव्हीत येणार होती ना ती!

मालिका सुरू झाली. आईचा आवाज ऐकताच पोरगी उभीच राहिली. मग स्क्रीनवर ती गोरी, घारी मुलगी आली. पोरीने थोडा वेळ बघितलं. आता रडणार, असं वाटून मी उशीचा कोपरा घट्ट धरला. पण ती वळली आणि टाळ्या पिटत ओरडली, "मम्मा, टीव्हीत तू गोरी झालीस!"

मैत्रिणींनीही टाळ्या वाजवल्या. उख्ती हसली. काय करणार बिचारी? मला वाटलं, पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. एवढा आनंद तिला व्हायला नको होता.

पुढच्या प्रसंगात घरातली स्वयंपाकीण आली. जाडजूड, डोक्याला फडकं, भाताचं पातेलं करपवणारी, खजूर चोरून खाणारी, सावलीला भूत समजून किंचाळणारी. कोण्या पुरुष नटाने बायकी आवाज काढून, मोडक्या अरबीत तिचं बोलणं केलं होतं. सगळं घर हसत होतं, उख्तीची आईसुद्धा. मीही हसणार होते.

आणि स्क्रीनवरच्या त्या स्वयंपाकिणीने ओठ दातांखाली धरला. डावी भुवई वर गेली.

ती माझी बाहुली होती. मी गावी होते, वेळ कमी होता, सांधे लावलेली बाहुली तयार होती, मग वाया कशाला घालवा! ओठ फुगवले होते, डोळ्यांचे पांढरे मोठे केले होते, अंग सुजवलं होतं आणि उजळ केलेला रंग परत काळा करून टाकला होता, पहिल्यापेक्षाही काळा. पण रेघ माझ्या हातची होती. ती काही लपत नाही. छोट्या रोलमध्ये येणार आहे, म्हणाला होता. खोटं नव्हता बोलला.

स्क्रीनवर गोरी मुलगी कमरेवर हात ठेवून स्वयंपाकिणीवर खेकसली, "वेंधळे, पुन्हा जाळलास भात?" उख्तीच्याच आवाजात. तिचा आवाज तिच्याच तोंडावर ओरडत होता.

पोरगी हसत होती ती हसायची थांबली. टीव्हीजवळ गेली, आणि माझ्या कॉम्प्युटरवर टेकवलं होतं तसंच बोट तिने त्या फुगलेल्या ओठावर टेकवलं. मग माझ्याकडे बघितलं. "खाला, ही ती आहे. तू दाखवलेली. ही मम्मा आहे ना?"

दोघी मैत्रिणींनी टीव्हीकडे बघितलं, मग तिच्या आईकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. एक जण खुदकन हसली.

उख्तीने सगळं एका क्षणात ओळखलं होतं. तिचा ओठ सवयीने दातांखाली गेला होता, तो तिने सोडवून घेतला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलीला जवळ ओढून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नाही गं. ती कोणी नाही."

मुलीने मान डोलावली आणि पुढे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी मी डायरेक्टरवर आग पाखडली. तो म्हणाला, सगळ्यात जास्त हशा त्या स्वयंपाकिणीलाच मिळतोय, वाहिनीला तिचे आणखी प्रसंग हवेत. त्याच संध्याकाळी मी राजीनामा दिला. त्याने काय फरक पडला? डोंबल. माझ्या जागी दुसरं कोणीतरी ओठ हलवायला बसलं, आणि उख्ती राहिलेले भाग बोलत राहिली. नोकरी सोडणं तिला परवडणारं नव्हतं.

ईदला मी त्यांच्याकडे मिठाई घेऊन गेले. पोरगी धावत आली, गळ्यात पडली, शाळेतली काहीतरी गंमत सांगायला लागली. सांगता सांगता तिला हसू आलं. ओठ दातांखाली जाणार, तेवढ्यात तिने झटकन तोंडावर हात ठेवला आणि हाताआड हसली. मी तिच्या आईकडे बघितलं. तिचाही हात तोंडावर होता.