धरणातला वाडा

आमचं जुनं घर डिंभ्याच्या धरणात बुडालं तेव्हा ते दोन खणांचं होतं. त्यानंतर पाण्याखाली ते वाढत गेलं. आधी त्याला पडवी फुटली, मग माडी आली, आणि थोरल्या भावानं मंचरला बंगला बांधायला काढला तोवर त्याचा चक्क वाडा झाला होता. पाण्यात बुडी मारून कोण तपासणार? आत्या तर चौकातल्या तुळशीवृंदावनाबद्दलही सांगायला लागली होती. पाहुणा आला की आम्हा भावंडांना ज्या घराबाहेर झोपावं लागायचं, त्या घराला चौक होता, हे मला लग्नानंतर कळलं.

दादाला बंगल्याच्या हॉलमध्ये या वाड्याचा फोटो लावायचा होता. वास्तुशांतीला त्याच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं येणार होती, त्यांना आमचं मूळ दिसायला हवं होतं. पण फोटोच नव्हता. दोन खणांच्या घरापुढे उभं राहून फोटो काढून घ्यावा असं त्या काळी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

मग वहिनीचा भाऊ पुढे झाला. तो पुण्याला फोटोग्राफीचा कोर्स करून आला होता आणि आता साधा फोटो काढणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तो फोटो 'उभा' करायचा. उघड्या माळावर नुसती एक खिडकी रोवायची, मागे डोंगर, आणि खिडकीतून कोणीतरी हात बाहेर काढून पाऊस आला का बघायचं, असली त्याची कामं. डोंगर आयता असताना खिडकी कशाला, असं मी एकदा विचारलं तर त्याला माझी कीव आली. आमच्या वाड्याचं मात्र त्यानं लगेच मनावर घेतलं. "घर लागतच नाही ताई, दार पुरे," तो वहिनीला म्हणाला. "बाकीचं बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो."

आप्पांना कोणी विचारलं नाही. आप्पा म्हणजे आमचे वडील. ते घर त्यांनी आणि आईनं स्वतःच्या हातानं बांधलेलं, त्यामुळे त्यांना विचारायचं काही कारण नव्हतं. आई तर नव्या वसाहतीत आल्यावर दोन वर्षांतच गेली होती, तिचा प्रश्नच नव्हता.

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं आणि आमची सगळी वरात भेगाळलेल्या गाळात उतरली. घोडेगावच्या मंडपवाल्याकडून टेम्पोतून दरवाजा आणला होता. तो आदल्या वर्षीच्या गणपतीच्या देखाव्यातला, राजवाड्याचा. खांबांवर थर्माकोलचे हत्ती होते, त्यांना चिखल फासून शेतकरी केलं. बांबूला गोणपाट बांधून, वर माती आणि शेण लिंपून दर्शनी भिंत उभी केली. ती पलीकडच्या टोकाला मुद्दाम उतरती ठेवली, म्हणजे फोटोत लांबलचक दिसते म्हणे. मागच्या अंगाला भिंत नव्हती, छप्पर नव्हतं, नुसता गाळ आणि त्यापलीकडे पाणी.

हे उभारायच्या आधी आप्पा गाळातून चालत एका जागी जाऊन थांबले. "हितं चूल व्हती," म्हणाले. दादाच्या मेहुण्यानं कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान हलवली. तिथून डोंगर नीट येत नव्हता. त्यानं वाडा बराच अलीकडे उभारला.

"पावणं, तितं उकिरडा व्हता," आप्पा म्हणाले.

उकिरड्यावर वाडा छान दिसत होता. वहिनी नथ घालून सुपात धान्य पाखडायला बसली. आत्या ठेवणीतली पैठणी नेसून डोक्यावर हंडा घेऊन निघाली. रोज पैठणी नेसूनच पाणी भरायची ना ती! दादानं फेटा बांधला आणि दाराशी रचलेल्या मातीच्या ओट्यावर असा बसला, जणू पंचक्रोशी त्याच्याकडे न्याय मागायला येणार होती. राहिली माडी. ती पुठ्ठ्याची होती, दोन वीत लांब, तिला छोट्या छोट्या खिडक्या. काठीला अडकवून ती कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी धरली की फोटोत बरोबर भिंतीवर जाऊन बसायची. काठी धरायला माझ्याइतकं रिकामं कोणी नव्हतं. तेव्हा आमच्या वाड्याचा वरचा मजला माझ्या हातात होता, आणि वारा सुटला की तो डोलायचा.

आप्पांनी काठी टेकत टेकत दरवाज्याभोवती एक चक्कर मारली.

"दार लई उंच केलंय. आपलं बुटकं व्हतं. लाकूडच तेवढं घावलं व्हतं."

"फोटोत भारदस्त दिसतं, आप्पा."

"आन् उद्या मी मेल्यावर पोरं म्हनतील, आपला आजा वाड्यात राहत व्हता."

"मग वाईट काय आहे त्यात?"

"मंग मी आन् तुजी आई राहत व्हतो, ते कुठं गेलं?"

दादा उगाचच टेम्पोवाल्यावर ओरडला. एकदा हा फोटो भिंतीवर चढला की तेच खरं होणार, हे आप्पांना चांगलं कळत होतं. दोन खण आठवणारे आता तेवढे एकटेच उरले होते, कारण बाकीच्यांनी आठवायचं सोडून दिलं होतं. त्यात मीही माडी धरून उभी होतेच.

दादानं शेवटी हात जोडले. छाती काढून दारात उभं राहायचं, एवढंच मागणं होतं. आप्पा म्हणाले, "उभा न्हाई राहायचो. आतनं भाईर येईन. घरातनं मानूस येतो तसा."

ते भिंतीमागे गेले. मेहुण्यानं इशारा केला. आप्पा आतून आले आणि त्या राजवाड्याच्या दाराशी येताच मान खाली घालून, पार कमरेतून वाकून बाहेर पडले. डोक्यावर हातभर जागा मोकळी होती.

"आप्पा, मान वर!" मेहुणा म्हणाला. "पुन्हा एकदा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दादानं वरचं मोकळं अंतर हातानं दाखवलं. आप्पांनी ते नीट बघितलं, होय म्हणाले, आत गेले आणि वाकूनच बाहेर आले.

"कुठं वाकलो?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते.

माझ्या हातातली माडी हलत होती. मेहुणा वैतागून वाऱ्याला शिव्या घालत होता, पण वारा मघाशीच पडला होता. रोल संपेपर्यंत आप्पा ये-जा करत राहिले आणि एकदाही ताठ आले नाहीत.

दादानं त्यातलाच बरा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. माडी भिंतीवर चपखल बसली होती आणि हत्ती कोणाला ओळखू येत नव्हते. वास्तुशांतीला व्याही फोटोसमोर कौतुकानं उभे राहिले. दादा फुलला होता. मग ते म्हणाले, "वाडा झकास आहे. पण एवढ्या उंच दारातून म्हातारबा वाकून का येतायत?"

आत्यानं उंबऱ्याला नमस्कार वगैरे सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात आप्पा खुर्चीवरून उठले आणि फोटोपाशी गेले.

"पावणं, ही माडी हिच्या हातात व्हती," माझ्याकडे बोट करून म्हणाले. दादा चहाचं बघायला आत पळाला. आप्पांचं बोट काचेवरून सरकत दाराच्या पार मागे गेलं, जिथे फोटोत नुसता गाळ होता. "चूल हितं. मी दारातनं निगालो की हिची आई तितनंच वरडायची, वाका. न्हाईतर टाळकं फुटायचं."

"दार किती उंच होतं मग?" व्याह्यांनी विचारलं.

आप्पा भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि हात आडवा करून स्वतःच्या गळ्यापाशी धरला.