उदगीरपलीकडच्या गावात कागदी कपातला चहा

गौतम एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाला. नांदेडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. एका सकाळी दारात येऊन म्हणाला, "चल, उदगीरला जायचंय. प्रज्ञासाठी खोली बघायची."

प्रज्ञा त्याची मुलगी. उदगीरपलीकडच्या एका गावात कंत्राटी नर्स म्हणून नुकतीच लागलेली. बाळंतपणं रात्री-बेरात्री येतात, तेव्हा मुक्काम गावातच हवा, असं तिला बजावलेलं. खोली मिळाली नाही तर नोकरी गेली. आणि आतापर्यंत कळलेली ही एकच खोली.

"त्यात माझं काय काम?"

"घर हिंदू शेतकऱ्याचं, आम्ही बौद्ध. मला राग लवकर येतो, अन् राग आला की नसलेलंही दिसतं. तू बातमीदार माणूस. नुसतं बघ."

पाहिलेलं आधी सांगायचं, त्याचा अर्थ नंतर, हेच काम मी जन्मभर केलं. निघालो.

कंधार, जांब, जळकोट अशी वाट. जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा. दुपारी गाडीचा पत्रा तव्यासारखा तापतो. पाणी नांदेडहून भरून घ्या. वाटेत कुणाच्या दारात मागू नका, त्यांची पंचाईत होते. जळकोटपर्यंत हिरवं म्हणावं असं काही दिसलं नाही. एका फाट्यावर रस्त्याकडेला घागरींची रांग होती आणि एकही माणूस नव्हता. टँकर यायचा असावा. बघा, हा 'असावा' लगेच चिकटतो.

उदगीरच्या स्टँडबाहेर सुशीला खाल्ली. चुरमुऱ्यांची, चुरचुरीत फोडणीची. कागदी प्लेटमध्ये. गौतमनं विचारलं, "ताटल्या कुठं गेल्या मालक?"

"धुवायला पाणी लागतंय की साहेब. आता उदगीर जिल्हा होणार हाय. झाल्यावर या, चांदीच्या ताटात देतो."

बाकावरचा म्हातारा हसला. "जिल्हा झाल्यावर पाणी येतंय व्हय? लातूर झालंय की जिल्हा. तिथं जाऊन अंघोळ करून ये बरं."

किल्ला जवळच आहे, बघण्यासारखा. आम्ही थांबलो नाही. प्रज्ञा जीपपाशी उभी होती. जीप भरेपर्यंत सुटत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

गावातलं ते घर चांगलं होतं. अंगणात पाण्याची टाकी, तिच्या झाकणाला कुलूप. खोलीला रस्त्याकडून वेगळं दार. प्रज्ञानं कडी आतून लावून पाहिली, खिडकी हलवून पाहिली. मालकानं गाव विचारलं, आडनाव विचारलं. गौतमनं सांगितलं. मालक म्हणाले, "बसा की."

मालकीणकाकूंनी चहा आणला. आम्हा तिघांना कागदी कपात. मालक म्हणाले, "माझा झालाय." गौतमनं माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "हॉटेलातही कागदच होता." त्यानं मान हलवली आणि चहा प्यायला.

तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ आले, ओट्यावर टेकले. काकूंनी त्यांना चहा दिला. स्टीलच्या कपात.

कागदी कप संपले असतील, असं माझ्या मनात आलं. दाराजवळच्या फळीवर पुडा उघडा पडला होता. त्यात कप होते.

प्रज्ञा म्हणाली, "काकू, मलाबी तसाच द्या की. माझा मी विसळते."

काकूंनी मालकाकडे पाहिलं. मालक म्हणाले, "विसळायला पाणी कुठं हाय, बाई? लई हाल हायती."

शेजाऱ्यांचा चहा संपला. काकूंनी तांब्यातलं पाणी ओतून तो कप विसळला आणि फळीवर पालथा घातला.

जीपच्या वाटेवर गौतम भराभर चालत होता. मीच म्हणालो, "शेजारी रोजचे असतील, म्हणून कदाचित..."

"काका, तुम्ही कारणं लई शोधता," प्रज्ञा म्हणाली. "काय बघितलं तेवढंच सांगा."

"आपल्याला कागदी. त्यांना स्टीलचा. पुडा उघडा होता. कप विसळला."

"बास. मीबी तेवढंच बघितलं." मग म्हणाली, "बाबा, खोली मी घेते."

"डोकं फिरलं का तुझं?"

"दार वेगळं हाय. कडी मजबूत हाय. मी ते बघायला आले होते. कप मी माझा आणीन."

गौतम रस्त्यात उभाच राहिला. "मी आयुष्यभर तिकिटं फाडली ती यासाठी का?" तिनं त्याचा दंड धरला आणि जीपमध्ये बसवलं.

परतीला रात्र झाली. घरी बायकोनं विचारलं, "कसं काय तिकडं?" दुष्काळ फार आहे, असं मी म्हणालो. ते खरंच होतं. पण त्या ओट्यावर दुष्काळाची आठवण सोयीची होती, त्यांना आणि मलाही. बघायला नेलेल्या माणसानं आधी कारणं पुरवली, पाहिलेलं मात्र मागितल्यावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गौतम स्टँडवर निघालेला दिसला. उदगीर गाडीचा वाहक ओळखीचा, त्याच्या हाती प्रज्ञासाठी पुडकं द्यायचं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले स्टीलचे कप. दोन.

"दोन कशाला?"

"एक तिचा. दुसरा त्या काकू चहाला आल्या तर."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"येतील असं म्हणालो नाही मी," तो म्हणाला. "आल्या तर, म्हणालो."