चालू वर्ज्यम

माझ्या लग्नाची बोलणी जिन्यात झाली. घर होतं, घरात सोफा होता, सोफ्यावर आईने कोठीच्या बाजारातून आणलेली नवी चादरही होती. तरी बोलणी जिन्यात झाली आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

आम्ही बरकतपुऱ्यातले जुने मराठी, श्रावणी तेलुगू. तिच्या वडिलांना, म्हणजे नान्नागारूंना, मी पसंत आहे की नाही हे कोणालाच कळत नव्हतं. (ते वीज खात्यातून निवृत्त झालेले. चेहऱ्यावर कसलाच दिवा लागू न देण्याची त्यांना सवय होती.) त्यांची अट एकच होती. आमच्या घरात पहिलं पाऊल वर्ज्यममध्ये पडता कामा नये.

वर्ज्यम म्हणजे तेलुगू पंचांगातला दिवसाचा टाकाऊ तुकडा, साधारण दीड तासाचा. राहुकाळाची वेळ वारावर ठरलेली असते, हे मात्र रोज जागा बदलतं. त्यामुळे रोज कॅलेंडर बघावं लागतं. नान्नागारू ते बघणारच होते, तेवढ्यात मी फोनवर मध्ये तोंड घातलं.

"तुम्ही नका त्रास घेऊ, अंकल. माझं कामच ते आहे."

ते खोटं नव्हतं. मी भूकंपाच्या नोंदींवर काम करतो. अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत जमीन हलली, असे हजारो पट्टे असतात. ते संगणकात झाडासारखे रचून ठेवायचे (याला खरंच झाड म्हणतात, फक्त मूळ वर आणि फांद्या खाली) आणि मग विचारायचं, या दोन आकड्यांच्या मध्ये कोणकोणते पट्टे येतात? झाड क्षणात उत्तर देतं.

"अच्छा," नान्नागारू म्हणाले. "तो टाइम तुमीच निकालो. देखेंगे."

त्या 'देखेंगे'मध्ये माझं लग्न अडकलेलं होतं. ऑफिसात अशा कामासाठी तयार साधन असतं, आम्ही तेच वापरतो. पण घरचं कार्य म्हणून मी हा प्रोग्राम स्वतःच्या हाताने लिहिला, लोक घरी लाडू करतात तसा. वर्षभराची वर्ज्यमं त्यात भरली आणि विचारलं, रविवारी सकाळी दहा ते अकरा काय येतं? उत्तर आलं, काहीही नाही.

रविवारी बरोबर दहाला मंडळी आली. नान्नागारू, अम्मा आणि मागे माझ्याकडे बघून हसणारी श्रावणी. आईने दार उघडलं. नान्नागारूंनी चप्पल काढली, उजवा पाय उचलला आणि समोरची भिंत बघितली. त्यांना बरं वाटावं म्हणून आईने तिथे नवंकोरं तेलुगू कॅलेंडर लावलं होतं.

पाय वरच राहिला.

"वर्ज्यम चल रा," ते म्हणाले. "साडेनौ से ग्यारा."

पाय मागे गेला. अम्मा दोन पायऱ्या खाली सरकल्या. श्रावणीचं हसू गेलं.

"असं कसं होईल?" म्हणत मी लॅपटॉप आणायला धावलो.

"नक्को आणू ते," आई दबक्या आवाजात म्हणाली. "खुर्च्या आण."

मग आम्ही खुर्च्या बाहेर काढल्या. बसायला सतरंजी अंथरली. पांढराशुभ्र कुर्ता-पायजमा घातलेले बाबा दाराशी उभे राहिले, हात पुढे बांधून, चेहरा पडलेला. याचा एकंदर देखावा कसा दिसत असेल हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. वरच्या मजल्यावरच्या खाला भाजीची पिशवी घेऊन उतरल्या आणि जागच्या जागी थबकल्या. त्यांनी डोक्यावर ओढणी घेतली.

"या अल्ला. कौन गुजर गए?"

"कोई नहीं, खाला," मी म्हणालो. "मेरे रिश्ते की बात है."

"हौ बेटा, हौ," खाला माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "सदमा बैठा बच्चे को."

त्या वळून वर गेल्या. पुढच्या पाच-दहा मिनिटांत बिल्डिंग जमली. कोणी बाबांचा हात हातात घेतला, कोणी नान्नागारूंना दुरून आलेले नातेवाईक समजून पाणी दिलं. एकाने गाडीचं विचारलं. बाबा प्रत्येकाला समजावत होते आणि जितकं समजावत तितके लोक हळहळत होते. खाला परत आल्या त्या भलामोठा थर्मास घेऊन, कारण अशा घरात चूल पेटत नाही.

नान्नागारूंनी तो चहा घेतला. मग मला शेजारी बसवून विचारलं, "मशीन को क्या पूछे तुम?"

"दस से ग्यारा में वर्ज्यम शुरू होता क्या."

"शुरू कब होता नै पूछना था. चल रा क्या, वो पूछना था."

मला जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं वाटलं. साडेनऊचं वर्ज्यम माझ्या चौकटीत सुरू होतच नव्हतं. ते आधीच येऊन बसलं होतं आणि माझ्या प्रोग्रामला फक्त नव्याने येणारे दिसत होते. आता हे लग्न गेलंच, असं मी धरून चाललो.

अकरा वाजले. नान्नागारू उठले, उजवा पाय आत टाकला, सोफ्यावर बसले.

"घर अंदर से सबका अच्छा दिखता," ते बाबांना म्हणाले. "आपका मैं बाहर से देख लिया. इत्ते लोगां दौड के आए. लडकी देते हम." मग माझ्याकडे बघून, "मुहूर्त मैं निकालता."

प्रोग्राम मी त्याच दिवशी दुरुस्त केला. एक अट वाढवावी लागली. कधी सुरू झालं एवढंच बघायचं नाही, संपलंय का तेही बघायचं. दोन मिनिटांचं काम.

लग्नही झालं. परवा ऑफिसातून घरी आलो. श्रावणी खिडकीशी उभी होती.

"काय, सगळं ठीक ना?" मी विचारलं.

"ठीक," श्रावणी म्हणाली. (ती आता मराठी छान बोलते, विशेषतः एका शब्दाची.)

ठीक म्हणजे काहीही नाही. मी पाय पसरून सोफ्यावर बसलो आणि चहा मागितला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्या कानाशी वाकली.

"अरे हौल्या, ते सकाळपासून चालू आहे. जा, जिन्यात जाऊन बस."