पावणेदोन फेऱ्यांचं टोपण

प्रदर्शनात आमच्या पेनांच्या टेबलासमोर उभं राहून लोक हमखास एकच प्रश्न विचारतात, "सगळ्यात जास्त कुठलं पेन खपतं?" मी जाडजूड तपकिरी पेनावर बोट ठेवते. अंगठ्याएवढं जाड, अंगावर चॉकलेटी लाटा, सोनेरी क्लिप. निवृत्त होणारे सर, नवा जावई, डॉक्टर, सगळ्यांना भेट म्हणून हेच जातं. त्याच्या खालोखाल सागवानी, नाव कोरून मिळणारं. मग मोरपंखी चकाकीचं. ते कॉलेजच्या मुली नेतात आणि खरं सांगायचं तर पेनाने लिहितात फक्त त्याच. बारीक, काळं, क्लिप नसलेलं पेन सगळ्यात शेवटी. एखाद्या प्रदर्शनात एक गेलं तरी पुष्कळ.

ती बारीक काळी पेनं माझ्या मिस्टरांनी केलेली. सिन्नरच्या कारखान्यात लेथवर उभा जन्म काढून हे निवृत्त झाले आणि गंगापूर रोडच्या घरामागे पत्र्याची शेड टाकून त्यात पुन्हा एक जुना लेथच आणून बसवला. जित्याची खोड. हे पेन कातायचे, मी निब घासून सुरळीत करायची. जाड पेनांवर यांचा राग. "हे पेन आहे की लाटणं?" असं म्हणत म्हणतच ती करायचे, कारण घर त्यांच्यावर चालायचं. काळ्या पेनाला क्लिप लावायला मात्र साफ नकार.

"अहो, माणसं खिशाला अडकवणार कशी?"

"मी खिशासाठी करत नाही, हातासाठी करतो."

"मग हातालाच विका," मी म्हणायची. माझ्या तोंडाला हाड नाही, हे त्यांनी लग्नानंतर आठवड्यातच ओळखलं होतं.

काळ्या पेनांचे आटे हे हाताने पाडायचे. त्यामुळे प्रत्येक टोपण फक्त आपल्याच पेनाला बसे. दुसऱ्यावर अर्ध्या फेऱ्यातच अडे, आपल्यावर पावणेदोन फेऱ्यांत अलगद थांबे. प्रदर्शनात लोक चार-चार पेनं एकदम उघडत आणि टोपणांची सरमिसळ होई. मग संध्याकाळी हॉल रिकामा झाला की आम्ही समोरासमोर बसून कुणाचं टोपण कुणाचं ते शोधत बसायचो. मी कुरकुर करायची, "मशीनवर आटे पाडून घ्या की. कुठलंही टोपण कुठल्याही पेनाला बसेल."

"मग संध्याकाळी करशील काय?" हे विचारायचे.

ते गेल्याला दोन वर्षं झाली. आता पेनं मी बाहेरून करून आणते, मशीनचे आटे, सगळी टोपणं सगळ्यांना बसतात. दहा मिनिटांत आवरून होतं आणि मी रिक्षाची वाट बघत बाहेर उभी राहते. मला ती संध्याकाळ परत हवी आहे. दुसरं काहीच नको.

त्यांनी केलेली अकरा पेनं उरली होती. बारावं त्यांचं स्वतःचं. काम करताना टोपण दातांत धरायची सवय होती त्यांना, त्यामुळे त्या टोपणाच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. दर महिन्याला ते पेन मी धुऊन, शाई भरून, टोपण लावून ठेवायची. लिहायची मात्र नाही. प्रदर्शनात काळ्यांच्या रांगेत कडेला ते पेन असायचं, हे होते तेव्हासारखंच.

गेल्या हिवाळ्यात प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी चांदवडकडचा एक शेतकरी आला. "ताई, पोरीला लिहायला पाहिजे. लय जाड नको, तिचा हात लहान हाय." इतक्या वर्षांत हाताचा विचार करून पेन मागणारं हे पहिलं गिऱ्हाईक. यांनी ऐकलं असतं तर पेन फुकट देऊन वर चहा पाजला असता. मला इतका आनंद झाला की मी सगळी काळी पेनं त्याच्यापुढे उघडून ठेवली, यांचंसुद्धा. तेवढ्यात दोन बायका सागवानी पेनावर जावयाचं नाव कोरून घ्यायला आल्या आणि मी तिकडे वळले. शेतकऱ्याला चांदवडची गाडी गाठायची होती. त्याने एक पेन निवडलं, मी हाताला आलं ते टोपण लावलं. अर्ध्या फेऱ्यात अडलं. बोटांना ते कळलं होतं. पण समोर बायका घाई करत होत्या, मी तसंच दाबून डबीत घातलं. त्याने रोख पैसे दिले आणि तो गेला.

संध्याकाळी टोपणं लावायला बसले तर यांच्या पेनाला एकही टोपण बसेना. दातांच्या खुणांचं टोपण त्या पोरीच्या पेनावर गेलं होतं आणि तिचं माझ्याकडे राहिलं होतं. मी तिथेच बसून रडले. हॉलवाल्याने दिवे मालवू का म्हणून दोनदा विचारलं.

गरजवंताला अक्कल नसते. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी एसटीने चांदवडला गेले. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीत दुपारपर्यंत पुरुषांचे शर्टाचे खिसे न्याहाळत फिरले. दोघांनी हटकलंसुद्धा, "मावशी, कोणाला शोधता?" काय सांगणार? परतीच्या गाडीत डोक्यात प्रकाश पडला, की त्या पेनाला क्लिपच नाही, ते खिशात दिसणार कसं? आणि पेन तर पोरीचं. मी एकटीच हसले. यांनी हे वर्षभर पुरवून पुरवून चिडवायला वापरलं असतं.

तो शेतकरी अजून आलेला नाही. त्या पोरीचं टोपण मी प्रत्येक प्रदर्शनात टेबलाच्या पुढच्या कडेला ठेवते. खपतात जाडच पेनं, पण मी वाट बघते ती बारीक काळं पेन हातात घेऊन येणाऱ्या माणसाची.

तोवर यांचं पेन उघडं आहे. उघड्या पेनाने रोज लिहावं लागतं, नाहीतर निबवर शाई वाळून बसते. त्या पोरीचंही पेन नीट मिटत नसणार, तीही रोज लिहीत असेल. पहिल्या दिवशी मला काही सुचेना, म्हणून किराणा लिहिला. दुसऱ्या दिवशी "अहो" एवढंच लिहिलं आणि हात थांबला. आता जमतं. आम्ही टोपणं लावत बसायचो त्याच वेळेला मी वही घेऊन बसते.

संध्याकाळी करशील काय, असं विचारायचे ना. हे करते.