मारुतीअण्णाची बाज आणि शेंडेनक्षत्र

आश्विनात रानातून घरी आलं की धोतराला कुसळं चिकटलेली असतात. एक उपटायला बसावं तर बोटाला चार! आमच्या गस्तीचे किस्से तसेच. एकच सांगायचा म्हणून बसतो आणि चहा गार होऊन जातो. मी सातवी नापास, तेव्हा आकाशातलं मला काही विचारू नका. बघितलं तेवढं सांगतो.

* * *

खर्ड्याच्या किल्ल्याच्या उगवतीला आमचं गाव. मागं सगळीकडं ड्रोनची हूल उठली होती, आठवतं? अंधारात ड्रोन येतात, घरं हेरतात आणि मागून चोर येतात म्हणे. गावानं गस्त लावली. सुरुवातीला पोरं आली, मग मोबाईल घेऊन अंथरुणात शिरली. उरलो आम्ही तीन म्हातारे: मी, मारुतीअण्णा आणि गुलाबभाई. गुलाबभाई भिंगारला लष्कराच्या मेसमध्ये आचारी होता. जन्मभर पोळ्या लाटल्या, पण शिट्टी अशी वाजवतो की वाटावं सीमेवरूनच आलाय!

जेवणं झाली की आम्ही शाळेच्या स्लॅबवर जाऊन बसायचो. एकदा पूर्वेला झाडांच्या वर दिवा निघाला. पिवळसर, ठसठशीत, लुकलुकतसुद्धा नव्हता. गुलाबभाईनं शिट्टी फुंकली. अख्खं गाव काठ्या घेऊन बाहेर! दिवा सावकाश वर सरकतोय आणि गाव खाली दबा धरून बसलंय. तानाजी सरपंचानं पोलिसांना फोन लावला.

पलीकडून साहेब म्हणाले, "किती वेळ झाला दिसतोय?"

"दोन तास झालं, साहेब!"

"बॅटरी दोन तास टिकती? मग धरूनच आणा. आम्हालाबी तसलाच पायजे!"

सकाळी शाळेचे गुरुजी हसून हसून लाल झाले. "अहो, तो गुरू ग्रह! आपल्यासारख्या हजारभर पृथ्व्या मावतील त्याच्या पोटात."

गुलाबभाईनं कानाला हात लावले. "या अल्ला! आन मी त्याला काठी दावली!"

* * *

ड्रोन काही आला नाही. हूल विरली, पण आमची गस्त सुटेना. त्याला कारण मारुतीअण्णा.

अण्णाचा जन्म ऊसतोडीत गेला. डोक्यावर मोळ्या वाहून वाहून मान अशी धरली की वर होतच नाही. उभ्यानं त्याला समोरच्याच्या सदऱ्याची बटणंच दिसतात. म्हणून तो गस्तीला बाज घेऊन आला. बाजेवर पडून पहारा देणारा शिपाई सबंध जिल्ह्यात एकच! "साहेब, चहा पाठवू का?" म्हणून मी त्याला छळायचो.

पहिल्या दिवशी तो उताणा पडला. वाटलं, लागला डोळा. तेवढ्यात म्हणाला, "नाना, पाचटाच्या कोपीत निजायचो, अंधारात उठून फडात जायचो. मान खालीच. हे समदं तवाबी हुतं व्हय वर?"

मी माझी घोंगडी त्याच्या पायावर टाकली, टोमणा न मारता. आयुष्यात पहिल्यांदा!

* * *

पण खोड जाते कुठं?

उगवतीला कृत्तिकांचा पुंजका निघतो, बारीक मोती मुठीत धरल्यासारखा. अण्णाचा तो लाडका. पाय त्याच्याकडं करून निजायचा. एकदा त्याला गाढ झोप लागल्यावर मी आणि गुलाबभाईनं बाज उचलली आणि उलटी फिरवली. पाय मावळतीला! पहाटे उठल्यावर हा बोंबलणार, आणि आम्ही हसणार.

पहाटे अण्णा उठला. पायाकडं बघितलं. जांभई दिली. "चला, पुंजका हाय जाग्यावर."

आम्ही वळून बघतो तर खरंच! पुंजका सगळं आभाळ ओलांडून मावळतीला आलेला, नेमका अण्णाच्या पायाशी! आम्ही दोघांनी घाम गाळून एक बाज फिरवली, तेवढ्यात तिकडं कुणीतरी अख्खं आभाळ फिरवून ठेवलं होतं. तेही आवाज न करता!

गुलाबभाई माझ्या कानात म्हणाला, "नाना, आपल्यापेक्षा मोठा खोडकर वर बसलाय."

* * *

मग गुरुजींनी बातमी आणली. शेंडेनक्षत्र आलंय! शेपटीवाला तारा, दिवस मावळला की पश्चिमेला दिसतोय. थोडेच दिवस. एकदा गेला की परत येईल का नाही, ते मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक नाही.

मी लगेच तानाजीला गाठलं. "सरपंच, शेंडेनक्षत्र दिसलं की राजा पडतो म्हणत्यात."

त्याचा चेहरा उतरला. "ते... ग्रामपंचायतीला लागू हाय का?"

अण्णानं मात्र ध्यासच घेतला. आणि नेमका परतीचा पाऊस! रोज संध्याकाळी ढग. अण्णा रोज स्लॅबवर चढायचा, रोज भिजून उतरायचा. त्याची बायको सोनावहिनी जिन्याखाली उभी राहून ओरडायची, "अवं, शेपटीच बघायची तर गोठ्यात चला की! चार हायत!"

* * *

आता आमचीच करणी ऐका. ड्रोनच्या भीतीनं गावानं हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, मागितला होता. मागणीत आमचा आवाज सगळ्यात मोठा. तो मंजूर झाला, आणि उंचच्या उंच खांब उभा राहिला तोही नेमका शाळेपुढं, मावळतीच्या अंगाला!

अण्णा खांबाचं बूड तेवढं बघू शकत होता. तेवढं बघूनच म्हणाला, "आता मी कुठं निजू? घरावर लिंबाची सावली, रानात बिबट्या."

मी तानाजीला म्हणालो, "चार दिवस थांब की."

"नाना, उद्घाटनाला पाव्हण्यांची तारीख मिळलीया. आभाळ काय, उद्याबी हाय!"

* * *

उद्घाटनाच्या संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं मोकळं. पहिल्यांदाच! आणि गुरुजी म्हणालेले, आता शेंडेनक्षत्र फिकं होत चाललंय, आज-उद्याच काय ते.

पाहुणे आले अंधार पडल्यावर. अण्णा वर स्लॅबच्या कडेला, बाजेवर. आम्ही खाली टाळ्या वाजवायला. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि पांढरा फटक उजेड पडला. मंडप, हार, टकली, सगळं चमकायला लागलं. आभाळ काळं कुळकुळीत. वर अण्णानं डोळ्यांवर आडवा हात घेतलेला खालून दिसत होता.

तानाजीनं माईक धरला. "आजपासून आपल्या गावात अंधाराला..."

फट्!

हायमास्ट गेला, मंडप गेला, माईक गेला. सगळ्या गावानं अंधारात माझंच नाव घेतलं. "नाना!"

"मी हितंच हाय की!" मी ओरडलो. गुलाबभाईनं माझं मनगट धरून साक्ष दिली.

वायरमन चाचपडत खांबाच्या डब्याशी गेला. "सरपंच, चिनीमातीचा फ्यूजच न्हाई की हो डब्यात! कुनीतरी काढून नेला!"

तानाजी काहीतरी बोलणार, तेवढ्यात पाहुणे हळूच म्हणाले, "थांबा जरा."

डोळे अंधाराला सरावले होते. किल्ल्याच्या अंगाला, पिठाचं बोट आभाळाला पुसावं तसा एक लांब पांढरा फराटा. खाली ठिपका, वर शेपूट. सगळं गाव माना वर करून उभं.

मी आणि गुलाबभाई धावत स्लॅबवर गेलो. अण्णानं हात कधीच बाजूला केला होता. नुसता बघत होता.

जिन्यावर धापा ऐकू आल्या. सोनावहिनी वर आली. पदरात काहीतरी घट्ट धरलेलं होतं, ते तिनं बाजेखाली ठेवलं. चिनीमातीचं खण्ण वाजलं.

"सरका तिकडं," ती अण्णाला म्हणाली. "कुठाय ती शेपटी, दावा."